फ्लाय रॉड घरी बांधायचा असेल, तर स्वस्तातला ब्लँक कसा निवडावा

फ्लाय रॉड म्हणजे फ्लायने, म्हणजे पिसा-दोऱ्यांच्या नकली किड्याने, मासे धरायची लवचीक काठी. ब्लँक म्हणजे तिच्या गाभ्याची नुसती निमुळती, पोकळ नळी. तिला मूठ नसते, रीळ बसवायची जागा नसते, लाइन ओवायच्या गाइड नसतात. पण रॉड किती लवणार, कुठून लवणार, कोणती लाइन पेलणार, हे सगळं त्या नळीतच ठरलेलं असतं. मूठ आवडली नाही तर कापून दुसरी बसवता येते, गाइड उसवून नव्या बांधता येतात. ब्लँक बदलला की रॉडच दुसरा झाला. हे कळलं की पहिल्यांदा बांधणारा माणूस धास्तावतो आणि सगळ्यात महाग ब्लँक मागवतो. माझं ठाम मत आहे की त्याची काही गरज नसते. मी हे लिहितेय तेव्हा अमेरिकेत ५० ते १०० डॉलरच्या आत उत्तम ट्राउट रॉड होईल असा ब्लँक मिळतो. मात्र तो नावावर किंवा जाहिरातीवर न जाता हाताने तपासून घ्यायचा.

मी मिशिगनमध्ये, लान्सिंगजवळ राहते. नोकरी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात. कार्बन फायबरचे तुकडे रोज हाताखालून जातात आणि ब्लँकही बहुधा त्याचेच असतात, त्यामुळे ब्लँकच्या जाहिराती मी जरा वेगळ्या नजरेने वाचते. मासेमारी बहुतेक ऑ सेबल नदीवर. ग्रेलिंग गावाखाली बर्टन्स लँडिंगपासून वेकली ब्रिजपर्यंतचा जो पट्टा ‘होली वॉटर्स’ म्हणून ओळखला जातो, तिथे फक्त फ्लाय वापरायची आणि धरलेला मासा सोडून द्यायचा असा नियम आहे. ट्राउट अनलिमिटेड ही संस्था १९५९ साली याच नदीच्या काठी सुरू झाली. नदीचं नाव मुद्दाम सांगितलं, कारण ब्लँकची निवड दुकानापासून सुरू होत नाही, पाण्यापासून होते.

ऑ सेबलवर पाणी मांडीपर्यंत, दोन्ही काठांवर सीडरची झाडं वाकलेली, आणि मासा बहुतेक वेळा २५ ते ४० फुटांवर. आता लाइनचं गणित बघा. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट १४० ग्रेन भरतात, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास. ४ नंबरचे १२० ग्रेन, ६ नंबरचे १६०. रॉडवरचा नंबर या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. पण २५ फुटांवरच्या माशासाठी लाइन टाकताना त्यातले ८-९ फूट तर लीडरच (लाइनच्या टोकाला बांधलेला बारीक धागा) असतो, म्हणजे खरी लाइन टोकाबाहेर १५-१६ फूटच येते. एवढ्याशा वजनाला ताठ, फास्ट ब्लँक, म्हणजे फक्त शेंड्याकडे लवणारा, लवतच नाही. हातात काठी धरल्यासारखं वाटतं आणि आपण उगाच जोर लावत बसतो. मध्यम लवचीक ब्लँक तेवढ्याच लाइनला छान वाकतो. आणि गंमत अशी की बाजारात मध्यम ब्लँकच स्वस्त असतात, कारण जाहिरात सगळी फास्ट आणि हलक्या ब्लँकची चालते. तुमची नदी छोटी असेल तर स्वस्तातला ब्लँक ही तडजोड नाही, तुमच्या कामाला तोच योग्य आहे. समुद्रावर वाऱ्यात ७० फूट लाइन फेकायची असेल तर हे लागू नाही. तिथे जास्त पैसे मोजावेत.

पहिल्या रॉडसाठी मी दोनच मापं सुचवते: ९ फुटी ५ नंबर, किंवा साडेआठ फुटी ४ नंबर. दोन्ही चार तुकड्यांत. ९ फुटी ५ नंबर ट्राउटसाठी सगळ्यात जास्त खपतो, म्हणून त्याचे पर्याय भरपूर असतात आणि बंद झालेल्या मालिकांचा उरलेला मालही याच मापात हमखास सापडतो. साडेआठ फुटीचा फायदा टपालखर्चात दिसतो. अमेरिकी टपाल खातं २२ इंचांपेक्षा लांब पार्सलला जादा आकार लावतं, आणि ३० इंचांच्या वर गेलं की तो आणखी चढतो. साडेआठ फुटी ब्लँकचे चार तुकडे २७ इंचांच्या आसपास असतात, त्यामुळे नळकांडं ३० च्या आत बसतं. दोन तुकड्यांचा ९ फुटी ब्लँक मुळात स्वस्त दिसतो, पण ५५ इंचांचं खोकं दारात येईपर्यंत तो फायदा उरत नाही. किंमत बघताना नेहमी घरपोच किंमत बघा. परदेशातून मागवत असाल तर आयात शुल्कही त्यात धरा.

आता जाहिरातीतले आकडे. ‘आयएम ६’, ‘आयएम ८’, ‘४० टन’ असं जे छापलेलं असतं, त्यावर फार विसंबू नका. ‘आयएम ६’ हे मुळात एका कंपनीच्या कार्बन धाग्याचं व्यापारी नाव. रॉडच्या धंद्यात ते इतकं पसरलं की आता कुणीही काहीही लिहितो, त्याला सर्वमान्य मोजमाप नाही. शिवाय तो आकडा धाग्याच्या ताठपणाचा आहे, रॉडच्या दर्जाचा नाही. धागा जितका ताठ, तितका ब्लँक पातळ आणि हलका करता येतो. पण तितकाच तो ठिसूळही होतो. वजनदार निंफ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) मागच्या फेकीत नळीवर आपटली की पातळ भिंतीला बारीक तडा जातो आणि पुढे कधीतरी एखाद्या चांगल्या माशावर रॉड तिथेच मोडतो. राळ कोणती, धाग्याचे थर कसे गुंडाळले, निमुळतेपणा कसा दिला, यावर अर्ध्याहून अधिक भिस्त असते आणि ते आकड्यांत येत नाही. जरा जाड भिंतीचा, साध्या धाग्याचा ब्लँक अर्धा औंस जड असेल. नवशिक्याच्या हातात तो टिकेल.

रेनशॅडो, एमएचएक्स, सेंट क्रॉय यांचे ब्लँक मी बांधले आहेत आणि पुन्हा आनंदाने बांधेन. पण सगळ्यात चांगला सौदा बंद झालेल्या मालिकेत मिळतो. कंपनी नवा रंग, नवं नाव आणते आणि आदल्या वर्षीचा ब्लँक तिसऱ्या हिश्श्याने किंवा निम्म्याने उतरतो. दुसरा सौदा ‘ब्लेम’, म्हणजे किरकोळ दोषाचा, म्हणून विकलेल्या मालाचा. इथे विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा: दोष रंगाचा आहे की नळीचा? वार्निशचा ओघळ, फिकट डाग, पुसटलेली अक्षरं असं काही असेल तर बेधडक घ्या, गाइडच्या दोऱ्याखाली निम्मं झाकून जातं. वाकडेपणा किंवा सांध्याचा दोष असेल तर फुकट दिला तरी नको.

ब्लँक घरी आला की लगेच दोरा-इपॉक्सी काढू नका. परत करायची मुदत चालू असते, तिचा उपयोग करा. प्रत्येक तुकडा स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा काचेच्या टेबलावर ठेवून बोटांनी हळू लोळवा. सरळ तुकडा एकसारखा आवाज करत जातो. वाकडा टक-टक करतो आणि त्याच्याखालून उजेडाची फट दिसते. शेंड्याच्या तुकड्याला थोडा बाक असतोच, महागातल्यातही असतो. गाइड बांधताना तो बाक वरच्या किंवा खालच्या बाजूला घेतला की डोळ्याला दिसत नाही. बुंध्याच्या तुकड्याला बाक असेल तर मात्र परत पाठवा. मग दोन्ही टोकांतून आत बघा, खिडकीकडे धरून. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी दिसायला हवी. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर गुंडाळताना साचा सरकलेला असतो.

सांध्यांना सगळ्यात जास्त वेळ द्या, स्वस्त ब्लँक तिथेच उघडे पडतात. वरचा तुकडा खालच्यावर हलक्या पिळाने बसवा आणि सांधा मुठीत धरून हलवा. बोटांना जरासुद्धा टिक जाणवली तर तो सांधा सैल आहे. आतून खुंटी घातलेला सांधा असेल तर दोन तुकड्यांमध्ये थोडी फट राहिलीच पाहिजे, साधारण पाव इंच किंवा त्याहून थोडी कमी. वापराने खुंटी झिजते आणि फट मिटत जाते. नव्या ब्लँकलाच फट नसेल तर झीज भरून काढायला जागाच उरत नाही. आणि एक सावधगिरी: सांध्याचं जे टोक दुसऱ्यावर चढतं, त्याची कड दोऱ्याने बांधल्याशिवाय ब्लँक जोरात वाकवू नका, ती उभी चिरते. तात्पुरतं काम असेल तर मास्किंग टेपचे चार-पाच घट्ट वेढे द्या.

स्पाइनबद्दल तुम्ही खूप वाचाल. बुंधा टेबलावर टेकवून, शेंडा बोटावर धरून, मध्ये दाबून फिरवलं की नळी एका बाजूला उडी मारते. तो तिचा कणा. त्याच रेषेवर गाइड बांधले नाहीत तर रॉड पिळतो, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. गाइड खाली लटकवलेला फ्लाय रॉड लाइनच्या ओढीने आपोआप स्थिर राहतो. मी सरळ दिसणारी बाजू निवडते, कणा नाही. त्यामुळे ‘स्पाइन आखून दिलेला’ म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका.

ब्लँकवर ५ नंबर लिहिलाय, पण तो खरंच ५ नंबरचा आहे का? स्वस्त मालात हा आकडा बऱ्याचदा एखाद्या नंबरने चुकलेला असतो. त्यासाठी विल्यम हॅनमन यांची नाण्यांची पद्धत मला फार आवडते. अमेरिकेतलं एक सेंटचं नाणं घ्यायचं, १९८३ किंवा त्यानंतरचं. ते अडीच ग्रॅम भरतं. १९८२ च्या आधीची तांब्याची नाणी जड असतात, ती बाजूला ठेवायची. नवी नाणी पाडणं २०२५ मध्ये थांबलं, पण घराघरांत बरण्या भरलेल्या आहेत. ब्लँक जोडून, सांध्यांवर टेप लावून, बुंधा टेबलाला आडवा घट्ट बांधायचा. शेंड्याला प्लास्टिकची छोटी पिशवी लटकवायची आणि तिच्यात एकेक नाणं टाकत जायचं. शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली आला, म्हणजे ९ फुटी असेल तर ३ फूट, की थांबायचं. जितकी नाणी, तितकी ब्लँकची ताकद. त्या क्षणी शेंड्याचा आडव्या रेषेशी कोनही मोजा: ६६ अंशांच्या वर असेल तर ब्लँक फास्ट, ५९ च्या खाली असेल तर स्लो, म्हणजे बुंध्यापर्यंत लवणारा.

नाण्यांवरून लाइनचा नंबर काढायचे तक्ते आहेत. मी त्याहून सोपं करते. मला आवडणारा एक जुना रॉड आहे, त्याची नाणी आणि कोन मी भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवलेत. नवा ब्लँक त्याच्याशी ताडून बघते. तुमच्याकडे रॉड नसेल तर मित्राचा आणा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जाहिरातींतून हे कधीच कळणार नाही.

नाण्यांनी ताकद कळते, पण हाताला कसा लागतो हे कळायला लाइन टाकूनच बघावी लागते. त्यासाठी रॉड बांधायची गरज नाही. टिप-टॉप, म्हणजे अगदी टोकावरची गाइड, शेंड्यावर टेपने बसवा, गाइड टेपच्या अरुंद पट्ट्यांनी चिकटवा. ९ फुटीला टिप-टॉप सोडून ९ किंवा १० गाइड पुरतात. रीळही बुंध्याला टेपनेच बांधा. मग घरामागच्या गवतावर किंवा बागेत, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, २० फुटांपासून सुरुवात करा. लाइन मागे उलगडली की ब्लँक कुठवर लवतो ते तळहाताला कळतं. एक नंबर जड लाइन लावूनही बघा. चार नंबरचा म्हणून विकलेला कितीतरी स्वस्त ब्लँक पाच नंबरच्या लाइनवर जिवंत होतो, मग तो पाचचा म्हणूनच बांधावा.

याहूनही कमी खर्चात हवा असेल तर गराज सेलमध्ये जुने फायबरग्लासचे रॉड शोधा. ते आठ-दहा डॉलरला मिळतात आणि छोट्या नदीवर मऊ ग्लासइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. सांध्यापाशी किंवा मुठीच्या वर पांढुरके पट्टे दिसले तर सोडून द्या, तिथे धागे तुटलेले असतात. गाइड काढताना पातं फक्त गाइडच्या धातूच्या पायावरून चालवायचं, नळीवर कधीच नाही. दोरा कापला गेला की तो नखाने सोलून निघतो.

भारतात महसीरसाठी रॉड बांधायचाय असं विचारणारेही असतात. तिथे ८ नंबर लागतो आणि मासा दगडांतून जोरात ओढतो. बंद मालिकेतला, जाड भिंतीचा ब्लँक तिथेही चालेल, फक्त सांध्यांची तपासणी दुप्पट कडक करा.

बाकीचं सामान ब्लँक पसंत पडल्यावरच मागवा. टिप-टॉपचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतं. ५ नंबरच्या शेंड्याला बहुधा साडेचार किंवा पाच लागतो, पण छापलेल्या मापावर न जाता व्हर्नियरने मोजून घ्या. बुंध्याचा व्यासही मोजा. रीळ सीटचं भोक त्याहून बरंच मोठं असतं आणि मधली पोकळी टेपच्या वेढ्यांनी किंवा फोमच्या कड्याने भरावी लागते. कॉर्कची मूठ गोल कानशीने आतून तासून शेंड्याकडून खाली सरकवायची. गाइड, मूठ, सीट, ए मापाचा दोरा आणि इपॉक्सी मिळून ७० ते १०० डॉलर लागतील. दोरा गुंडाळायच्या यंत्रावर खर्च करू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन खाचा पाडून ब्लँक त्यात ठेवा, दोरा जाड पुस्तकाच्या पानांतून काढा. पुस्तकावर आणखी एक पुस्तक ठेवलं की हवा तेवढा ताण मिळतो.