चढाच्या वावरात एकट्या सोयाबीनवर विसंबू नका

रोहिणी नक्षत्रात एखादी सर आली की पेरणीसाठी तिफन काढायचा मोह होतो. थांबा. नागपूरकडे मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो; ७५ ते १०० मिलिमीटर पडून मुरल्याशिवाय पेरणी नको. वीतभर खणा, मूठभर माती दाबा. लाडू बांधला जाऊन बोटाच्या दाबाने फुटला, की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला समजा.

रामटेक, पारशिवनीकडच्या मुरमाड, उताराच्या वावरांची मला जास्त काळजी वाटते. चार दिवस झड लागते, माती वाहून जाते, मग पंधरा-वीस दिवस थेंब नाही. अशा जमिनीत कसं तगायचं ते डोंगरातल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उत्तराखंडच्या गढवालात ‘बारानाजा’ म्हणून मिश्र पेरा असतो : नाचणी, राजगिरा, राजमा, कुळीथ, उडीद, सगळं एकाच शेतात. राजम्याचा वेल राजगिऱ्याच्या दांड्यावर चढतो. कुणाची मुळं वरवर, कुणाची खोल. आणि सगळं एकदम कापणीला येत नाही, म्हणून अवेळी पाऊस आला तरी घरात काहीतरी येतंच. आपल्या मेळघाटात कोरकू शेतकरी हलक्या रानात कुटकी हे बारीक भरडधान्य घेतात, त्यामागेही हाच हिशेब.

राजमा इथे लावा असं मी म्हणत नाही. आपल्या आजोबांच्या पराटीत, म्हणजे कपाशीत, तुरीचं तास होतं, धुऱ्यावर (बांधावर) अंबाडी होती. तेच परत आणा. पराटी, ज्वारी, तूर, ज्वारी हे ६:१:२:१ ओळींचं प्रमाण विदर्भात चालत आलेलं आहे. सोयाबीन घ्यायचंच तर मध्ये तूर हवीच. उथळ तुकड्यावर मूग, बरबटी (चवळी) किंवा कुटकी टाका.

पेरणी उताराला आडवीच करा. पहिल्या-दुसऱ्या डवरणीला (ओळींमधल्या कोळपणीला) डवऱ्याला दोरी गुंडाळली की ओळींमध्ये सरी पडते. पाणी तिथेच अडतं, झडीत जास्तीचं हळूहळू निघून जातं. खर्च फक्त दोरीचा.

घरचं सोयाबीन पेरणार असाल तर आजच १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. ७० पेक्षा कमी उगवले तर बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर बदला.

कोदो हे भरडधान्य पेरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. कापणीच्या वेळी भिजून बुरशी धरलेला कोदो विषारी होतो. मध्य प्रदेशातल्या बांधवगडच्या जंगलात ऑक्टोबर २०२४ मध्ये १० हत्ती असाच कोदो खाऊन दगावले. तसला दाणा घरात खाऊ नका, गुरांपुढेही टाकू नका.