टाउनशिपचा ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास, पहिल्यांदाच करताय? मग एकदा मे महिन्यात साइटवर जाऊन या

गेल्या महिन्याभरात तीन-चार जणांनी तेच विचारलं, की एमएस्सी झालीये, कन्सल्टन्सीत लागलोय, पहिलाच प्रोजेक्ट खेड्यातल्या मोठ्या टाउनशिपचा आलाय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते. मी नऊ वर्षं हेच काम करतेय, जास्त करून पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, मावळ-मुळशीच्या पट्ट्यात, आणि पहिल्या वर्षी मी जी चूक केली ती आजही मे महिना लागला की आठवते.

बेसिक गोष्टी तुम्हाला माहीत असतीलच, २००६ चं ईआयए नोटिफिकेशन, त्यातला आयटम आठ म्हणजे बांधकामं आणि टाउनशिप, २०,००० चौरस मीटरपासून १,५०,००० पर्यंत बांधकाम असेल तर आठ-ए, त्याच्या वर किंवा ५० हेक्टर आणि पुढे असेल तर आठ-बी, मग टीओआर (अभ्यासात काय काय घ्यायचं ते), बेसलाइन (साइटची आजची स्थिती मोजणं), ईएमपी (परिणाम कमी करायचा आराखडा), परिवेश पोर्टलवर मंजुरीचा अर्ज, तो तपासणारी राज्याची समिती. हे सगळं वाचून कळतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. पण त्याच नोटिफिकेशनमध्ये एक ओळ आहे जी सगळे वाचतात आणि पुढे जातात, ती म्हणजे आयटम आठच्या प्रोजेक्टना जनसुनावणी नाही. कारखाना असो, खाण असो, तिथे मांडव घालून सुनावणी होते, लोक येतात, ओरडतात, आपल्या रिपोर्टमध्ये काय राहिलंय ते तोंडावर सांगतात. टाउनशिपला तसं काही होत नाही. शंभर उंबऱ्यांच्या गावाशेजारी वीस हजार माणसं राहायला येणार असतात आणि गावाला विचारा असं आपल्याला कोणी बंधन घातलेलं नसतं. म्हणून विचारायला आपणच जायचं. हे मी पहिल्या प्रोजेक्टला केलं नाही.

झालं असं की तो प्रोजेक्ट आला ऑक्टोबरमध्ये. नियम सांगतो, पावसाळा सोडून कुठल्याही एका सीझनचा बेसलाइन डेटा चालेल. क्लायंटला घाई, आम्हालाही डिसेंबर ते फेब्रुवारी सोयीचं, ऊन नाही, रस्ते कोरडे, लॅबची माणसं मोकळी. बारा आठवडे एअर मॉनिटरिंग झालं, आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तासांचं, सगळं नियमाप्रमाणे. मी हायड्रोजिऑलॉजीला, म्हणजे भूजलाच्या कामाला, असोसिएट होते, माझ्याकडे विहिरी होत्या. दहा किलोमीटरच्या परिघात अकरा विहिरींमध्ये टेप सोडला, पाणी साडेतीन-चार मीटरवर, लॅबचे रिझल्ट आले, नायट्रेट, टीडीएस (विरघळलेले क्षार) सगळं लिमिटच्या आत, आणि मी लिहून टाकलं की परिसरात भूजलाची उपलब्धता समाधानकारक आहे. साइटवरून एक ओढा जात होता, टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर, काळ्या रेषेनं दाखवलेला म्हणजे बारमाही नाही असा, जानेवारीत त्यात दगडगोटेच होते, तर त्याच्याबद्दल दोन ओळी. त्या रिपोर्टमधला एकही आकडा खोटा नव्हता.

समितीपुढे प्रेझेंटेशन झालं तेव्हा एका सदस्यांनी फक्त एवढंच विचारलं, "उन्हाळ्यात या गावातले लोक पाणी कुठून भरतात?" आमच्या टीममध्ये पाच जण होतो, कोणालाही उत्तर देता आलं नाही. प्रस्ताव परत आला आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मला पुन्हा साइटवर पाठवलं.

ज्या विहिरीत मी डिसेंबरमध्ये टेप सोडला होता तिच्या तळाशी एक बाई उतरून बसली होती. कातळात एक खळगा होता, परातीएवढा, त्यात पाणी झिरपत होतं, ती वाटीनं पाणी उचलून कळशीत ओतत होती, चार-पाच वाट्या झाल्या की खळगा रिकामा, मग थांबायचं, पुन्हा साचलं की पुन्हा भरायचं. वर काठावर सात-आठ हंडे नंबरानं लावलेले. एक कळशी भरायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून बघितलं, बावीस मिनिटं. काठावर बसलेल्या आजींनी मला ओळखलं. म्हणाल्या, "पोरी, तू थंडीत आली व्हतीस न्हवं पट्टी घेऊन? तवा इचारलं आसतंस तर सांगितलं आसतं."

मी त्यांना काहीच बोलले नाही, काय बोलणार होते.

आता हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण अर्ध्या लोकांना वाटतं की इतका पाऊस पडणाऱ्या भागात पाण्याचा प्रश्न येईलच कसा. आपल्याकडे खाली बसाल्ट आहे, कठीण कातळ. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात, आणि कातळाच्या भेगांमध्ये. हा साठा फार थोडा असतो, १०० लिटर जागेत जेमतेम २ लिटर हाताला लागणारं पाणी धरा. उताराचा भाग असेल तर तेही थांबत नाही, हळूहळू खाली सरकत राहतं, म्हणून दिवाळीत विहीर काठोकाठ असते आणि होळीनंतर तळ दिसायला लागतो. डिसेंबरची पातळी म्हणजे पगाराच्या दिवशीचा बँक बॅलन्स आहे, त्यावरून घर कसं चालतं ते कळत नाही.

आणि आता हिशोब करून बघा, हा मी नंतर एका रात्री वहीत केला आणि मला झोप लागली नाही. वीस हजार लोकसंख्या, माणशी १३५ लिटर, त्यातले ४५ लिटर फ्लशिंगचे प्रक्रिया केलेल्या पाण्यातून, म्हणजे ताजं पाणी माणशी ९० लिटर, रोजचे १८ लाख लिटर. साइट ५० हेक्टरची धरा. त्या अख्ख्या ५० हेक्टरखालची भूजल पातळी एक मीटर उतरली तर २ टक्क्यांच्या हिशोबानं पाणी निघतं एक कोटी लिटर. म्हणजे सहा दिवसही पुरत नाही! आणि आमच्या रिपोर्टमध्ये एक वाक्य होतं, की धरणाचं पाणी मिळेपर्यंत बोअरवेलचा तात्पुरता वापर करण्यात येईल. असं 'तात्पुरता' कुठे दिसलं की तिथेच थांबा आणि कधीपर्यंत, किती, कुठून, हे लेखी मागा. शेजारच्या गावाला जलजीवन मिशनखाली माणशी ५५ लिटरचा निकष आहे आणि तेवढंही मेमध्ये पोचत नाही, टाउनशिपचे १३५ आणि गावाचे ५५ हे दोन आकडे एकाच पानावर लिहा, वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये नको.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं मला फार उशिरा कळलं. टाउनशिप वरच्या अंगाला होती, गाव खालच्या. उतारावर इमारती बसवायच्या म्हणजे कटिंग-फिलिंग आलं, डोंगराचा मुरूम उचलायचा आणि खोलगट जागेत भरायचा. आम्ही हे 'उत्खनन आणि धूळ' या मुद्द्याखाली टाकलं होतं, पाणी मारू, ट्रक झाकू वगैरे. पण तो मुरूम म्हणजेच गावाच्या विहिरीची टाकी होती. टाउनशिपनं एक थेंब पाणी उपसलं नसतं तरी नुसत्या कटिंगनं गावाची विहीर आटली असती. हे कुठल्याच टेम्पलेटमध्ये येत नाही कारण टेम्पलेटमध्ये जमीन वेगळ्या चॅप्टरला आणि पाणी वेगळ्या चॅप्टरला असतं. तुम्ही लेव्हलिंगचा प्लॅन आणि विहिरींचा नकाशा एकावर एक ठेवून बघा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांचं काम आहे, ते फुकट आहे, येत नसेल तर ट्रेसिंग पेपर घ्या.

पावसाळ्याची बाजूही तेवढीच. ५० हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर २५,००० घनमीटर पाणी पडतं. गवत-झाडी असताना त्यातलं समजा ३० टक्के वाहून जात होतं, म्हणजे ७,५०० घनमीटर, छपरं आणि रस्ते झाल्यावर ७० टक्के धरलं तर १७,५००. हे सगळं त्याच ओढ्यात येणार जो जानेवारीत मला दगडगोट्यांचा दिसला होता. आणि प्लॅनमध्ये तो ओढा रस्त्याच्या कडेनं सरळ केलेली गटार म्हणून दाखवला होता. म्हणून टोपोशीटवर थांबू नका, तलाठ्याकडून गावनकाशा घ्या, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, बघा, ओढा कुठून कुठे जातो ते त्यात बऱ्याचदा जास्त खरं सापडतं.

अजून एक, सांडपाणी. वॉटर बॅलन्सचा, म्हणजे किती पाणी येतं आणि कुठे जातं त्याचा, तक्ता बहुतेक लोक एकच करतात. रोज २७ लाख लिटर वापर, त्याच्या ८० टक्के म्हणजे साधारण २१-२२ लाख लिटर सांडपाणी, त्यातलं ९ लाख फ्लशिंगला, उरलेलं बागेला, झालं शून्य डिस्चार्ज. पावसाळ्यात बागेला पाणी लागतं का? ते १२ लाख लिटर रोज कुठे जाणार? ओढ्यात. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन तक्ते वेगळे करा, आपोआप खरं बाहेर येतं.

फील्डवर टेप टाकताना दोन गोष्टी सांभाळा. काठापासून मोजता तेव्हा काठाची उंची वजा करा, मी पहिल्या चार विहिरींना विसरले होते. आणि सकाळी पंप चालू व्हायच्या आधी जा, नाहीतर उपसलेली पातळी मिळते. जीएसडीएच्या, म्हणजे राज्याच्या भूजल यंत्रणेच्या, निरीक्षण विहिरींच्या पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या पातळ्या मागवा, तालुक्याचा टंचाई आराखडा बघा, टँकर कोणत्या वाडीला कोणत्या महिन्यात लागतो ते त्यात असतं. सीझन तुमच्या हातात नसेल, हिवाळ्यातच डेटा घ्यायची वेळ आली तरी घाबरू नका, हा एवढा कागद आणि गावातल्या बायकांशी एक दुपार बोलणं यातून उन्हाळ्याचं चित्र बऱ्यापैकी उभं राहतं. महिन्यामहिन्यानं विचारा, चैत्रात कुठून भरता, वैशाखात कुठून. इंग्रजी महिन्यांपेक्षा हे पटकन सांगतात.

बाकी हवा, आवाज, ट्रॅफिक यात फार अडकू नका असं माझं मत आहे, करायचं नीटच, पण खेड्यात हवेचे आकडे चांगलेच येतात आणि त्यावर शंभर पानं भरून खरा मुद्दा दबून जातो. जैवविविधतेबद्दल मात्र एक ताकीद, जुन्या रिपोर्टमधली झाडं-पक्ष्यांची यादी उचलू नका. मी कोकणातल्या प्रोजेक्टची यादी घाटावरच्या साइटला जशीच्या तशी चिकटवलेली बघितलीये, खाडीतल्या पक्ष्यांसकट. आणि सडा असेल, म्हणजे वरचं कातळाचं पठार, तर डिसेंबरात तिथे काळा दगड दिसतो आणि ऑगस्टमध्ये त्याच दगडावर सीतेची आसवं, कंदीलपुष्प, काय काय फुललेलं असतं. 'ओसाड जमीन' लिहायच्या आधी पावसाळ्यात एक चक्कर मारा, डेटा म्हणून घेतला नाही तरी चालेल.

शॉर्टकटबद्दल विचारता म्हणून सांगते. दोन दिवसांचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स मला वेळेचा अपव्यय वाटतात. मॉडेलिंग सॉफ्टवेअर नंतर शिका, आधी साइट पायी फिरा, एकदा उतारानं वरून खाली आणि एकदा ओढ्यानं खालून वर. मेंटॉर निवडताना तो किती रिपोर्ट केलेत सांगतो हे बघू नका, शेवटचा साइटवर कधी गेला होता ते विचारा. माझ्या पहिल्या सरांचं म्हणणं असायचं की रिपोर्ट कोणी वाचत नाही, आणि मी त्यावर वर्षभर विश्वास ठेवला. मला खरं शिकवलं ते त्या गावच्या ग्रामपंचायतीतल्या पाणी सोडणाऱ्या काकांनी, कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवतात, कुठल्या आळीला पाणी चढत नाही, कुठली बोअर कोणत्या वर्षी कोरडी गेली, सगळं तोंडपाठ.

आणि हे स्पष्टच बोलते, एक मोठा प्रोजेक्ट चार तुकडे करून प्रत्येक तुकडा मर्यादेखाली बसवायला कोणी सांगितलं तर सही करू नका. नोकरी जाईल असं वाटतं, मलाही वाटलं होतं, मी दोन महिने घरी बसले, ईएमआय थकला, रडले पण. मग दुसरीकडे काम मिळालं. या क्षेत्रात प्रामाणिकपणे टेप टाकणारी माणसं कमी आहेत, तुम्हाला काम मिळेल.

त्या पहिल्या प्रोजेक्टचं पुढे काय झालं ते पण सांगते. सुधारित रिपोर्टमध्ये मेच्या पातळ्या गेल्या, बावीस मिनिटांची कळशी फोटोसकट गेली. गावाच्या विहिरीवरच्या उताराला कटिंग करायचं नाही असं ठरलं, दोन इमारती सरकवाव्या लागल्या, ओढा त्याच्या मूळ वाटेनं ठेवला आणि बोअरवेलचं ते वाक्य काढावं लागलं. सगळं मनासारखं नाही झालं, फ्लॅट झाले, रस्त्याला गर्दी झाली, रात्री दिव्यांचा उजेड गावापर्यंत येतो. पण दर वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी त्या पाणीवाल्या काकांना फोन करते. यंदा म्हणाले, विहिरीत कमरेएवढं पाणी आहे, आणि टाकी एक दिवसाआड भरतेय.