लफेव्र म्हणजे लोहार: फ्रेंच आडनावाचा माग कसा काढावा

माझं सासर उत्तर फ्रान्समधल्या लिलचं. लग्नानंतर दारावरची 'Lefebvre' ही पाटी मी पहिल्यांदा मोठ्याने वाचली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लफेव्र. मधला 'ब' लिहायचा, म्हणायचा नाही." हा मुका 'ब' आला कुठून, इथून माझा शोध सुरू झाला. लेकीला माझ्या माहेराइतकंच वडिलांचंही घराणं माहीत असावं असं मला फार वाटतं. फ्रेंच घरात लेक-सून असलेल्यांना ही वाट उपयोगी पडेल.

आधी अर्थ बघा. लॅटिनमध्ये लोहार म्हणजे 'फाबेर'. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये 'फेव्र' झालं. लेखनिकांनी लॅटिनची खूण म्हणून त्यात 'ब' घातला. त्याचा उपयोगही होता. त्या काळी यू आणि व्ही यांना वेगळी अक्षरं नव्हती. आधी 'ब' दिसला की पुढचं अक्षर व्ही आहे हे कळायचं. तरी काहींनी ते यू असंच वाचलं आणि 'लफेब्यूर' हे निराळंच आडनाव रूढ झालं.

म्हणून स्पेलिंगला चिकटून राहू नका. 'ब'सकट, 'ब' गाळून, व्हीच्या जागी यू घालून, सगळ्या तऱ्हांनी शोधा. मुलूख बदलला की रूपही बदलतं. हाच लोहार दक्षिणेत फाब्र किंवा फोर, साव्वामध्ये फाव्र, ब्रिटनीत ल गॉफ आणि अल्सासमध्ये श्मिट होतो.

मग नकाशा. 'इन्से' या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या आडनावांच्या यादीत १८९१ ते १९९० या काळात फ्रान्समध्ये झालेले जन्म जिल्हावार मोजले आहेत, पंचवीस-पंचवीस वर्षांच्या चार टप्प्यांत. 'जेओपात्रोनिम' या संकेतस्थळावर आडनाव टाकलं की त्यावरून नकाशा दिसतो. १८९१ ते १९१५ हा टप्पा आधी उघडा, कारण पुढे माणसं शहरांकडे पांगली. आमचं आडनाव नोर आणि पा-द-काले या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत दाट आहे. हे आकडे जन्मांचे आहेत, आज हयात असलेल्या माणसांचे नव्हेत, एवढं ध्यानात ठेवा.

आता कागद. लग्नात मिळणारी कुटुंबपुस्तिका, 'लिव्रे द फामी', घरात असतेच. आजोबांची तारीख आणि गाव तिथून घ्या. पुढचं काम जिल्हा अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर, बहुतेक ठिकाणी फुकट. जन्म आणि लग्नाच्या नोंदी ७५ वर्षांनी खुल्या होतात. थेट वही चाळू नका, दर दहा वर्षांची सूची आधी बघा. जन्माआधी लग्न शोधा. तिथे दोघांच्याही आईवडिलांची नावं एकत्र सापडतात. आणि बाईची नोंद तिच्या माहेरच्याच नावाने असते. जन्मदाखल्यावरच्या नावाखेरीज दुसरं नाव लावायचं नाही असा १७९४ चा कायदा आहे. आईकडची वाट आपल्याकडे दोन पिढ्यांत बुजते. तिथे ती मला सहज सापडत गेली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

१७९३ ते १८०५ च्या तारखा फ्रेंच राज्यक्रांतीच्या निराळ्या कॅलेंडरात आहेत. त्या बदलून देणारे तक्ते मिळतात. १७९२ पूर्वीचं सगळं चर्चच्या वह्यांत. बाप्तिस्म्याची नोंद ठेवण्याचा हुकूम १५३९ चा, पण सगळीकडे तेवढ्या जुन्या वह्या उरलेल्या नाहीत. पॅरिसच्या १८६० पूर्वीच्या नोंदी तर १८७१ च्या आगीत गेल्या, त्यांतल्या काहीच पुन्हा तयार करता आल्या.

आमच्या घरातलं सर्वांत जुनं लग्न मला १८११ सालचं मिळालं. नवरदेवाचा धंदा विणकर. नाव लोहाराचं, पण हातात माग! आडनावं मध्ययुगातच ठरली, धंदे पुढे बदलत गेले. कारकुनाने वर 'ब' गाळून नाव लिहिलंय. खाली नवऱ्याची सही आहे, अक्षरं थोडी वाकडी, शाई एका जागी फुटलेली, आणि तिच्यात 'ब' आहे. शेजारी लिहिलंय, नवरीला सही येत नाही. वहीत उतरवून घेताना मी दोन्ही स्पेलिंग घेतली, कारकुनाचं आणि त्याचं. तुम्हीही तसंच करा.