अँगल नको, गाळे मोजा: अंकगणिती श्रेढीचं पद कसं काढायचं

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात. नव्या प्लॉटचा मांडव उभा करायचा होता तेव्हा हिशोब मीच मांडला. ओळ ३०० फूट, दर १५ फुटांवर अँगल, म्हणजे मांडवाचा लोखंडी खांब, ओळी १४. ३०० भागिले १५ म्हणजे २०, आणि २० चौदा २८०. टेम्पो भरून माल आणला. तेरा ओळी झाल्या आणि चौदाव्या ओळीला सातच अँगल उरले! दुकानदारानं कमी दिले म्हणून मी फोनवर तावातावानं बोललो. माल बरोबर होता, माझंच गणित चुकलं होतं. टेम्पोचं भाडं दुसऱ्यांदा गेलं आणि टोळीची हजेरी बसून द्यावी लागली, ते वेगळंच.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत सांगलीहून भाची आली. दहावीला आहे. अंकगणिती श्रेढीची वही घेऊन बसली आणि म्हणाली, "मामा, पदं एन आहेत तर एननं गुणायचं ना? मग सूत्रात एक वजा कशाला?" म्हटलं, चल बागेत.

ट्रॅक्टर वळायला बांधापासून १२ फूट सोडून आमचा पहिला अँगल आहे. तिथून पुढं दर १५ फुटांना एक. बांधापासूनची अंतरं लिहिली की होतं १२, २७, ४२, ५७... ही झाली क्रमिका, आणि तिच्यातला एकेक आकडा म्हणजे पद. पुढच्या पदातून मागचं पद वजा केलं की दर वेळी १५च येतात, म्हणून ही अंकगणिती श्रेढी. पहिलं पद ए = १२, दर वेळचा तोच फरक डी = १५. एकच वजाबाकी करून थांबू नका, दोन-तीन तरी करा. २, ४, ८, १६ मध्ये पहिला फरक २, दुसरा ४. ती श्रेढी अंकगणिती नाही.

आता तेराव्या अँगलपर्यंत चालत जायचंय. पहिल्यापाशी उभं राहिलात तर गाळे, म्हणजे दोन अँगलांमधल्या मोकळ्या जागा, किती ओलांडाल? बारा. भाचीला खरंच चालायला लावलं आणि मोठ्यानं मोजायला लावलं. पहिल्या अँगलला पोचायला गाळा लागतच नाही, तिथं आपण उभेच असतो. म्हणून १२ + १२ × १५ = १९२ फूट. कितवं पद हवंय तो आकडा एन आणि ते पद टी-एन धरून हेच पुस्तकी भाषेत लिहिलं की

टी-एन = ए + (एन − १) × डी

म्हणजे पहिलं पद, अधिक ओलांडलेले गाळे गुणिले गाळ्याची लांबी. माझ्या ३०० फुटांत गाळे २० होते, अँगल २१ लागायला हवे होते.

उलटं विचारलं तर उलटं चालायचं. २३७ फुटांवर कितवा अँगल? २३७ − १२ = २२५, भागिले १५ म्हणजे १५ गाळे, म्हणून सोळावा. शेवटचा तो एक मिळवायला पोरं हमखास विसरतात. आणि २५० फुटांवर? २३८ ला १५ नं भाग जात नाही, तेव्हा तिथं अँगल नाहीच. २५० हे या श्रेढीचं पदच नाही, असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं.

परीक्षेत आणखी एक प्रकार येतो. पाचवं पद ३१, बारावं ७३, तर श्रेढी काढा. शाळेत याला दोन समीकरणं मांडून सोडवतात. त्याला मार्क मिळतात, तेव्हा नको म्हणत नाही, पण उत्तर ताडून बघायला माझी रीत बरी. पाचव्यापासून बाराव्यापर्यंत सात गाळे, त्यात वाढले ४२, म्हणजे डी = ६. पाचव्यावरून चार गाळे मागं या, ३१ − २४ = ७. झालं पहिलं पद.

फरक ऋणही असतो. भाचीचं घर नदीपासून लांब नाही, त्यामुळं हे तिला लगेच कळलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. समजा पाणी ४५ फुटांवर आहे आणि तासाला २ इंच उतरतंय. दर तासाची नोंद इंचात मांडा, ५४०, ५३८, ५३६... डी = −२. नंतरच्यातून आधीचं वजा करायचं, नाहीतर चिन्ह चुकतं आणि पूर चढायला लागतो. ४० फूट म्हणजे ४८० इंच. ६० इंच उतरायचेत, दर गाळ्याला २, म्हणजे ३० गाळे. नोंद एकतिसावी, पण तास तीसच. प्रश्नात तास विचारलेत की नोंद, ते बघूनच उत्तर लिहा. खरी नदी असं एका मापानं उतरत नाही. कोयनेतून विसर्ग वाढला की सगळी श्रेढी मोडते.

व्याजातही हाच घोळ होतो. १०,००० रुपये, दरमहा शेकडा २, सरळव्याज. पहिलं पद १०,००० धरलंत तर बारा महिन्यांनंतरची रक्कम तेरावं पद असते, १२,४००. पहिलं पद १०,२०० धरलंत तर बारावं. दोन्हीकडं उत्तर तेच, फक्त मध्येच पद्धत बदलायची नाही. चक्रवाढीला मात्र हे लागू नाही, तिथं फरक दर वेळी वाढतो.

जाता जाता बेरीज. गडी बांधावरून एकेक अँगल उचलून एका ओळीतल्या एकवीस जागी नेऊन टाकतोय, तर नुसतं जाण्याचं अंतर किती? पहिली जागा १२ फूट, शेवटची ३१२, दोन्हींची बेरीज ३२४. दुसरी आणि शेवटून दुसरी, २७ आणि २९७, पुन्हा ३२४. जोड्या सगळ्या सारख्याच, म्हणून ३२४ × २१ भागिले २, म्हणजे ३,४०२ फूट. येणं धरलं तर एका ओळीला दोन किलोमीटरच्या वर. म्हणून तर आमचे गडी एका खेपेला दोन-दोन अँगल खांद्यावर घेतात.