बिजागरीच्या फटीत मुलांची बोटं चेमटत होती, शेवटी हे चाललं

वर्गाचं दार मिटताना बिजागरीकडच्या फटीत बोटं सापडायची. सूचना लावली, दाराखाली ठोकळा ठेवला (मुलांनी त्याचा खेळ केला), दाराच्या कडेला अडकवून ते पूर्ण मिटू न देणारा फोमचा क्लॅम्प लावला. तो कडीच्या बाजूला ठीक, बिजागरीकडे निरुपयोगी. अगदी वैताग आला होता.

मग लवचिक फिंगर गार्ड (बिजागरीकडची फट झाकणारी पट्टी) आणला. पहिला ताण बसून उपटून आला, कारण फट दार बंद असताना मोजली होती. दुसऱ्यांदा दार पूर्ण उघडून मोजली. दार तसंच उघडं ठेवून पट्टी जमिनीपासून १२० सेंमीपर्यंत आधी चौकटीला, नंतर दाराला स्क्रूने बसवली. दाराच्या मागच्या बाजूला अरुंद पट्टी. सर्वांत शेवटी डोअर क्लोजरचा (दार आपोआप मिटवणाऱ्या यंत्राचा) वेगाचा स्क्रू पाव फेरा घट्ट केला. आता दार आपटत नाही, सावकाश मिटतं.