घरात ईटिंग डिसऑर्डर (खाण्याशी जोडलेला मनाचा आजार) असेल तर जेवणाचे नियम कसे ठरवायचे

पहिलं सांगते, नियम ताटावर बसून ठरवू नका. पोरगी भाकरीचा तुकडा कुस्करत बसलीय आणि आपण म्हणतोय संपव नाहीतर मोबाईल मिळणार नाही, हे मी कित्येक महिने केलं, रोज रडारड अन् ताट तसंच. दुपारी सगळे शांत असताना बसायचं, आधी डॉक्टर अन् डायटिशियनला विचारायचं, मग कागदावर लिहून फ्रीजला लावायचं.

थोडेच ठेवा, आमचे चार होते. तीन जेवणं आणि मधलं खाणं चुकणार नाही. काय अन् किती ते आईबाप वाढणार, लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमधे १९८० च्या दशकात जी पद्धत तयार झाली तिच्यात सुरुवातीला असंच असतं, जेवण आईबापाच्या हातात. जेवल्यावर तासभर कोणाजवळ तरी बसायचं, बाथरूम त्याच्या आधी. आणि डॉक्टरांच्या तपासणीला नाही म्हणायचं नाही. खोलीतला पसारा, केस, कपडे, त्यावर एक शब्द बोलू नका.

नजर मात्र ठेवा. भरिताचं तेल ती बोटाने वाटीच्या काठाला लावायची अन् मग गुपचूप ओढणीला पुसायची, मला ते धुण्यात कळलं. तेव्हा ओरडायचं नाही, "माय, अवघड जातंय ना, मी इथंच बसलेय" म्हणायचं आणि थांबायचं. जेवण राहिलं तर त्या दिवशी खेळायला जाणं बंद, शिक्षा म्हणून नाही, अंगात ताकदच नाही म्हणून, हे आधीच सांगून ठेवायचं.

सगळ्यात जास्त फाटे श्रावणात फुटतात. सासूबाई म्हणायच्या देवाचं करतेय करू दे, आणि आजार त्या उपवासाच्या आडून बसतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत उपवास बंद, खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांच्या सणादिवशी पण तिने वेळेवर जेवायचं, आणि हे आजी, बाबा, मामा सगळ्यांनी एकच बोलायचं. एकजण जरी फुटला ना, नियम संपला.

एक गोष्ट घरी करायची नाही. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या पोराला एकदम भरपूर खाऊ घालू नका, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. चक्कर, बेशुद्धी, नाडी ५० च्या खाली असं काही दिसलं तर नियमबियम राहू द्या, सरळ दवाखाना गाठा. नुसतं कोणाशी बोलायचं असेल तर टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात.

वजन सावरायला लागलं की डॉक्टरांना विचारून एकेक गोष्ट तिच्या हातात परत द्यायची. आम्ही आधी चारचं खाणं दिलं. तिने स्वतः केळं अन् शेंगदाण्याचा लाडू घेतला, मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.