सँडविचसाठी मांस आणि चीज कसे निवडावे: कमी खर्चात आरोग्य जपणारी खरेदी

चिकन-मटण कसे पारखून घ्यावे, हे कोल्हापूरकराला वेगळे सांगावे लागत नाही. समोर कापून दिलेले, ताजे मांसच घरात आणायचे, असा येथील बहुतेक घरांचा शिरस्ता आहे. मात्र मुलांच्या डब्यासाठी सँडविच करायचे ठरले की तीच चोखंदळ माणसे दुकानातील फ्रीजमधून सलामीचे किंवा सॉसेजचे पाकीट उचलतात आणि मागचा मजकूर न वाचताच पैसे देतात. हाताशी पैसा बेताचा असेल तर मांस घरी शिजवावे, आणि चीज मात्र विकत आणून मोजून वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तयार मांस घ्यायचेच असेल तर आधी घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. त्यामुळे चिकनच्या पाठोपाठ पाणी, स्टार्च आणि तेल आले, तर आपण कशाचे पैसे देत आहोत हे लगेच कळते. त्यानंतर सोडियमचा आकडा पाहावा. त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण निघते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या आहारात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. यादीत आयएनएस २५० असा सांकेतिक क्रमांक लिहिला असेल, तर ते मांस टिकवण्यासाठी घातलेले सोडियम नायट्राइट होय. सलामी शिजल्यावरही गुलाबी राहते ती त्याच्यामुळे. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सलामी-सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला आणि रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे नोंदवले. एखाद्या वेळी खाल्ल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु मुलांच्या रोजच्या डब्यात हा पदार्थ असू नये, असे मला मनापासून वाटते.

किमतीची तुलना पाकिटांच्या आकारावरून न करता प्रथिनांवरून करावी. समजा, २५० ग्रॅमच्या पाकिटावर दर १०० ग्रॅमला १४ ग्रॅम प्रथिने लिहिली आहेत, म्हणजे पूर्ण पाकिटात ३५ ग्रॅम झाली. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणून सहा अंड्यांची किंमत त्या पाकिटाच्या किमतीशेजारी मांडून पाहावी.

सर्वांत किफायतशीर उपाय मात्र आपल्या स्वयंपाकातच आहे. रस्सा करण्याआधी आपण जे अळणी, म्हणजे मसाला न घालता पाण्यात उकडलेले चिकन शिजवतो, त्यातूनच सँडविचचे मांस काढावे. बोनलेस तुकड्यांना जादा दर पडतो, म्हणून हाडासकट चिकन घ्यावे, हळद, आले-लसूण आणि बेताचे मीठ लावून पुरेशा पाण्यात पूर्ण शिजवावे, आणि तुकडे कोमट झाल्यावर हाडापासून मांस सोडवून धाग्याधाग्याने हातानेच मोकळे करावे. उरलेल्या पाण्याचा त्याच दिवशी तांबडा किंवा पांढरा रस्सा होतो. एका चिकनमध्ये दोन वेळची सोय होते, ती अशी. मोकळ्या केलेल्या मांसात मेयॉनीजऐवजी पाणी निथळलेले दही, बारीक कांदा आणि चिमूटभर कांदा-लसूण चटणी मिसळावी. चटणीतच मीठ असते, त्यामुळे वरून घालू नये. हे मांस शिजल्यापासून दोन तासांच्या आत झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन दिवसांत संपवावे; दही-कांदा मात्र आयत्या वेळीच मिसळावा.

आता चीजकडे वळू. स्लाइस, क्यूब आणि ब्लॉक यांची तुलना १०० ग्रॅमच्या दराने करावी. बहुतेकदा मोठा ब्लॉकच स्वस्त पडतो. प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ बरेच असते. पाकिटावर दर १०० ग्रॅमला १४०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर २० ग्रॅमच्या एका स्लाइसमधूनच ०.७ ग्रॅम मीठ पोटात जाते. म्हणून अख्खी स्लाइस न ठेवता ब्लॉक बारीक किसून १० ग्रॅम पसरावे. किसल्यामुळे थोडेच चीज पूर्ण ब्रेडवर पोहोचते आणि चवही कमी होत नाही. ‘अ‍ॅनालॉग’ हा शब्द किंवा घटकांत वनस्पती तेल दिसले, तर ते दुधाचे चीज नव्हे, हे ओळखून पाकीट परत ठेवावे.

ज्यांच्या घरी म्हशीचे चांगले दूध येते, त्यांनी पनीर घरीच करावे. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून दूध मिळणाऱ्या या गावात तयार पनीरवर जादा पैसे घालवणे मला पटत नाही. एक लिटर दुधाचे २०० ग्रॅमच्या आसपास पनीर होते, त्यात वरून मीठ नसते, आणि निथळलेले पाणी कणीक भिजवायला उपयोगी पडते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने एका सँडविचला ३० ते ४० ग्रॅम पनीर पुरे.

डबा भरताना तो किती वाजता उघडला जाणार, याचा विचार करावा. चिकन, अंडे किंवा ताजे पनीर घातलेले सँडविच दोन तासांत खाल्ले जाणार असेल तरच द्यावे. शाळेची मधली सुट्टी त्यानंतर होत असेल, तर ते सँडविच घरी परतल्यावर खाण्यासाठी फ्रीजमध्ये ठेवावे आणि डब्यात शेंगदाण्याची कोरडी चटणी लावलेली चपाती द्यावी.